राज्यपाल नसलेली विधानसभा

गेल्या अंकात जर्मनीतल्या राज्य निवडणुकांवर एक छोटी चौकट छापली होती. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले. जर्मन नावे उच्चाराला जवळ जातील अशी लिहिली आहेत. 'लांटटाग' म्हणजे तिथल्या राज्याची विधानसभा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढचे अडणार नाही.

प्रश्न : जर्मनीत राज्ये किती, आणि आपल्यासारखी विधान परिषद तिथे असते का? लांटटागच्या हातात नेमके काय असते?
(निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षक, पंढरपूर)

राज्ये १६. त्यातल्या १३ ठिकाणी सभागृहाला लांटटाग म्हणतात. उरलेली तीन शहर-राज्ये आहेत. बर्लिनच्या सभागृहाचे नाव वेगळे आहे, तर हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन या जुन्या व्यापारी शहरांत त्याला 'ब्युर्गरशाफ्ट' म्हणतात. काम सगळीकडे एकच. मुदत पाच वर्षांची, फक्त ब्रेमेनमध्ये चार. विधान परिषद कुठेही नाही. बव्हेरियात 'सेनेट' नावाचे दुसरे सभागृह होते, पण १९९८ साली तिथल्या मतदारांनी सार्वमतात ते मोडीत काढले आणि १९९९ अखेर ते बंद झाले.

अधिकारांची वाटणी आपल्या सातव्या अनुसूचीची आठवण करून देते, पण एक फरक मोठा आहे. ज्या विषयाचा अधिकार राष्ट्रीय घटनेने केंद्राला दिलेला नाही, तो आपोआप राज्याचा. आपल्याकडे असे उरलेसुरले विषय केंद्राकडे जातात. लांटटागच्या वाट्याला प्रामुख्याने शाळा, विद्यापीठे, पोलीस, स्थानिक स्वराज्य संस्था, आकाशवाणी-दूरचित्रवाणीचे नियमन आणि संस्कृती येते. २००६ च्या घटनादुरुस्तीनंतर तुरुंग, दुकानांच्या वेळा, सभा-मोर्चांचा कायदा आणि राज्य कर्मचाऱ्यांचे वेतन हेही त्यांच्याकडे आले. संरक्षण, परराष्ट्र, नागरिकत्व आणि चलन यांच्याशी त्यांचा संबंध नाही.

कर ठरवण्याच्या बाबतीत मात्र लांटटागचे हात आखूड आहेत. मोठे कर केंद्रीय कायद्याने ठरतात. राज्याच्या हातात लक्षात येण्यासारखा एकच दर आहे : घर-जमीन विकत घेताना भरावा लागणारा कर, आपल्या मुद्रांक शुल्काचा भाऊबंद म्हणा. बव्हेरियात तो ३.५ टक्के, तर नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात ६.५ टक्के. एकाच देशात, एकाच किमतीच्या घरावर जवळपास दुप्पट.

केंद्राचा आणि राज्याचा कायदा भिडला तर केंद्राचा टिकतो. याचे सर्वांत विचित्र उदाहरण हेसे राज्याचे. १९४६ च्या हेसेच्या घटनेत फाशीची शिक्षा होती. १९४९ मध्ये राष्ट्रीय घटनेने फाशी रद्द केली आणि हेसेचे ते कलम निष्प्रभ झाले. पण छापील घटनेत ते तसेच राहिले, कारण हेसेत घटनेचा एक शब्द बदलायचा तरी सार्वमत घ्यावे लागते. शेवटी २०१८ च्या ऑक्टोबरात, राज्याच्या निवडणुकीबरोबरच सार्वमत घेऊन ते काढले गेले.

प्रश्न : आम्ही टॉवेलचे निर्यातदार. जानेवारीत फ्रँकफुर्टच्या कापड प्रदर्शनाला जातो. तिथे रविवारी सगळी दुकाने बंद, आणि म्युनिकला रात्री आठलाच शटर खाली. हे कोण ठरवते?
(कारखानदार, अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहत)

दोन्ही बंद वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात. रविवारची विश्रांती राष्ट्रीय घटनेतच आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले ते कलम आजच्या घटनेने जसेच्या तसे उचलले. कोणत्याही लांटटागला ते ओलांडता येत नाही, फार तर अपवाद करता येतात. सोमवार ते शनिवारच्या वेळा मात्र राज्याच्या. फ्रँकफुर्ट हेसेत येते, आणि तिथल्या कायद्याने या सहा दिवशी दुकान चोवीस तास उघडे ठेवायला मुभा आहे. म्युनिक बव्हेरियात, तिथे आठची मर्यादा.

तुम्ही पुढच्या वेळी फ्रँकफुर्टला जाल तेव्हा विक्रेत्याविना चालणारी छोटी दुकाने दिसतील : कार्ड दाखवून आत शिरायचे, स्वतःच पैसे चुकते करायचे. ती रविवारी चालावीत की नाही यावर हेसेत वाद झाला. न्यायालयाने २०२३ अखेर सांगितले की कर्मचारी असो वा नसो, दुकान ते दुकान, रविवारी बंद. मग लांटटागने २०२४ मध्ये कायदा बदलला आणि १२० चौरस मीटरपर्यंतच्या स्वयंचलित दुकानांना सूट दिली. लांटटागचे रोजचे काम बहुतांशी असे असते : भाषणांत शोभेल असे काही नाही, पण दुकानदाराला मीटरपट्टी घेऊन बसावे लागते.

प्रश्न : दोन मते असतात म्हणजे काय? आणि सभागृहातल्या जागा निवडणुकीनंतर वाढतात हे खरे का?
(वकील, सोलापूर, असाच प्रश्न मोहोळहून)

खरे आहे. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की सोपा होतो, म्हणून नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियाची २०२२ ची निवडणूक घेऊ.

मतपत्रिकेवर दोन रकाने. डावीकडे आपल्या मतदारसंघातला उमेदवार, उजवीकडे पक्ष. पहिल्या मताने १२८ मतदारसंघांतून आपल्यासारखाच ज्याला जास्त मते तो निवडून येतो. दुसरे मत पक्षाच्या यादीला, आणि खरे वजन याचेच. सभागृहात कोणाचे किती बळ असावे ते दुसऱ्या मताच्या टक्क्यांवर ठरते. किमान जागा १८१, म्हणजे १२८ मतदारसंघांच्या आणि ५३ याद्यांतून.

२०२२ मध्ये सीडीयू या मध्यम-उजव्या पक्षाला ३५.७ टक्के दुसरी मते पडली. पाच टक्क्यांच्या खाली राहिलेल्या पक्षांची मते बाजूला काढली की उरलेल्या मतांत सीडीयूचा वाटा सुमारे ३८.८ टक्के होतो. १८१ पैकी त्या हिशेबाने साधारण ७० जागा. पण मतदारसंघांतून त्यांचे थेट ७६ जण निवडून आले. निवडून आलेल्याला घरी पाठवता येत नाही, आणि सहा जागा फुकटच्या दिल्या तर प्रमाण बिघडते. म्हणून सभागृहच मोठे करायचे, इतके की ७६ हा आकडा बरोबर त्यांच्या वाट्याएवढा होईल. तसे करत संख्या १९५ वर गेली. निकाल असा : सीडीयू ७६, मध्यम-डावा एसपीडी ५६, पर्यावरणवादी ग्रीन्स ३९, उदारमतवादी एफडीपी १२, अतिउजवा एएफडी १२. बहुमताला ९८.

यातली गंमत बघा. सीडीयूच्या सगळ्याच जागा मतदारसंघांतून भरल्या, त्यामुळे त्यांच्या यादीतून एकही जण आत गेला नाही. यादीत वरचा क्रमांक मिळाला म्हणजे आमदारकी पक्की, असे जर्मनीत कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. मोठ्या पक्षाची मतदारसंघांत लाट आली की यादी कोरडीच राहते.

पाच टक्क्यांच्या उंबरठ्याला अपवाद आहेत, आणि ते राज्यागणिक निराळे. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला हा उंबरठा लागूच नाही. सॅक्सनीत दोन मतदारसंघ जिंकले की टक्केवारी माफ होते. २०२४ मध्ये डाव्या पक्षाला तिथे ४.५ टक्केच मते होती, पण लाइपझिगमधल्या दोन जागांनी तारले. उलट थुरिंगियात २०१९ ला एफडीपी अवघ्या ७३ मतांनी उंबरठा ओलांडून पाच आमदारांसह आत आली. या पाच आमदारांनी पुढे काय घडवले ते खालच्या एका उत्तरात येईल.

मोहोळच्या वाचकांनी बव्हेरियाचे विचारले आहे. तिथे पहिले आणि दुसरे अशी दोन्ही मते मिळून पक्षाचा वाटा ठरतो, शिवाय यादीतल्या ठरावीक उमेदवारावर खूण करता येते. थोडक्यात, 'जर्मन पद्धत' अशी एक नाही. सोळा कायदे आहेत.

प्रश्न : नव्या सभागृहाच्या पहिल्या दिवशी काय होते? तिथे हंगामी अध्यक्ष कोण नेमतो?
(बारावीची विद्यार्थिनी, बार्शी)

नेमत कोणीच नाही. आपल्याकडे हंगामी अध्यक्ष राज्यपाल नेमतात. तिथे राज्यपालच नाही, म्हणून वय नेमते. बहुतेक राज्यांत वयाने सर्वांत मोठा सदस्य खुर्चीवर बसतो, हजेरी घेतो, नव्या अध्यक्षाची निवड करवून घेतो आणि खाली उतरतो. कामकाज तासाभराचे.

हे तासाभराचे काम दोन दिवस कसे लांबले, ते थुरिंगियात दिसले. २६ सप्टेंबर २०२४. एकूण ८८ सदस्य, त्यात एएफडीचे ३२, म्हणजे सर्वांत मोठा पक्ष त्यांचाच, पण बहुमत नाही. सर्वांत वयस्क सदस्य युर्गन ट्रॉयटलर, वय ७३, हेही त्याच पक्षाचे. जुन्या नियमानुसार अध्यक्षपदासाठी नाव सुचवण्याचा पहिला हक्क सर्वांत मोठ्या गटाचा. बाकीच्या पक्षांना हा नियम निवडीपूर्वीच बदलायचा होता, आणि त्यासाठी आधी गणसंख्या मोजून ठराव मांडायचा होता. ट्रॉयटलर यांनी ठराव घेतला नाही, मतदान घेतले नाही, भाषण चालू ठेवले, मध्येच कामकाज थांबवले, पुन्हा सुरू केले. बहुमत समोर बसलेले, पण घंटा त्यांच्या हातात.

सीडीयू त्याच दिवशी वायमारच्या राज्य घटना न्यायालयात गेली. दुसऱ्या दिवशी निर्णय आला : पहिल्या बैठकीचा प्रमुख कामकाज चालवतो, सभागृहाची इच्छा अडवत नाही. हजेरी घ्या, नियमबदलाचा ठराव मतास टाका. २८ सप्टेंबरला सीडीयूचे ताडेउस क्योनिश अध्यक्ष झाले.

राष्ट्रीय संसदेने, म्हणजे बुंडेसटागने, हा धोका आधीच हेरून २०१७ मध्ये नियम बदलला होता : वयाने मोठा नव्हे, सभागृहात सर्वाधिक काळ राहिलेला सदस्य. आपल्याकडे तसा नियम असता तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख, ११ वेळा निवडून आलेले, किती वेळा त्या खुर्चीवर बसले असते याचा हिशेब तू वर्गात करून बघ.

प्रश्न : राज्यपाल नाही, राष्ट्रपती राजवट नाही. मग बहुमत कोणाकडे आहे हे कोण ठरवतो? सरकार बनलेच नाही तर?
(दैनिकाचे वार्ताहर, सोलापूर, अकलूज आणि करमाळ्याहूनही)

सभागृह स्वतः ठरवते, आणि तेही शपथविधीच्या आधी. आपल्याकडे क्रम असा की आधी राजभवनात शपथ, मग सभागृहात विश्वासदर्शक ठराव. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट विसरलेली नसेलच. जर्मनीत हा क्रम उलटा. लांटटाग आधी गुप्त मतदानाने मुख्यमंत्री निवडतो, मग त्याच सभागृहासमोर शपथ. पत्र, पाठिंब्याच्या सह्या, राजभवनाच्या दारातली परेड यांना जागाच नाही.

पण गुप्त मतदानाची स्वतःची भानगड असते. १७ मार्च २००५, श्लेस्विग-होल्स्टाइन. मुख्यमंत्री हायडे सिमोनिस यांच्या बाजूला ६९ पैकी ३५ सदस्य होते, म्हणजे नेमके बहुमत. पहिल्या फेरीत ३४ मते. दुसऱ्या फेरीत ३४. तिसऱ्या फेरीत साधे आधिक्य पुरले असते, तर ३४ विरुद्ध ३४. चौथ्यांदाही तेच. आपल्यातल्याच कोणीतरी एकाने मत दिले नाही, आणि तो एक कोण हे आजवर उघड झालेले नाही. सिमोनिस यांनी माघार घेतली. व्हिप नावाची वस्तू गुप्त मतपेटीपाशी निरुपयोगी ठरते.

तिसऱ्या फेरीतले 'साधे आधिक्य' आणखी धोक्याचे. थुरिंगियाच्या घटनेत पहिल्या दोन फेऱ्यांना सभागृहाच्या एकूण संख्येचे बहुमत लागते, तिसरीत ज्याला जास्त मते तो. कोंडी सुटावी म्हणून ही सोय. ५ फेब्रुवारी २०२० ला तिसऱ्या फेरीत एफडीपीचे थॉमस केमरिश उभे राहिले, तेच ७३ मतांनी आत आलेल्या पाच जणांच्या पक्षाचे. एएफडीने स्वतःच्या उमेदवाराला शून्य मते देऊन सगळी मते केमरिश यांना टाकली. निकाल ४५ विरुद्ध ४४, एक तटस्थ. पाच आमदारांच्या पक्षाचा मुख्यमंत्री झाला. अतिउजव्यांच्या मतांवर मुख्यमंत्री झाल्याने देशभर गदारोळ उठला, तीन दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि ४ मार्चला आधीचे मुख्यमंत्री बोडो रामेलो पुन्हा निवडून आले. नियम कोणीच मोडला नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. सरकार बनलेच नाही तर जुने सरकार काळजीवाहू म्हणून चालत राहते, आणि घटनेतले घड्याळ टिकटिकत असते. बव्हेरियात नवे सभागृह जमल्यापासून चार आठवड्यांत मुख्यमंत्री निवडला गेला नाही तर सभागृह विसर्जित करावेच लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि ब्रांडेनबुर्गमध्ये तीन महिने, सॅक्सनीत चार. सगळीकडे असे घड्याळ नाही. हेसेत २००८ च्या जानेवारीतल्या निवडणुकीनंतर बहुमत जुळेना. रोलांड कोख यांचे काळजीवाहू सरकार महिनोन् महिने चालले, शेवटी नोव्हेंबरात सभागृहाने स्वतःच विसर्जनाचा ठराव केला.

बहुमताअभावी सरकार पाडायचेही सोपे नाही. बऱ्याच राज्यांत नुसता अविश्वास ठराव चालत नाही, त्याच मतदानात नवा मुख्यमंत्री निवडून दाखवावा लागतो. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात ठराव मांडणे आणि मतदान यांत किमान ४८ तास जाऊ द्यावे लागतात. बर्लिनमध्ये जरा निराळे : अविश्वास आधी, पण २१ दिवसांत नवा प्रमुख निवडला नाही तर तो अविश्वास रद्द. कुठे ४८ तास, कुठे २१ दिवस, कुठे चार आठवडे. आपल्याकडे जो निर्णय राज्यपालांच्या मर्जीवर सोडलेला आहे, तो तिथे असा तारखांत बांधून टाकलेला आहे.

प्रश्न : पक्षांतरबंदी कायदा आहे का?
(चार वाचक, एकाने पोस्टकार्डावर एवढेच लिहिले आहे)

नाही. आमदार मतदारांचा आणि स्वतःच्या विवेकाचा, पक्षाचा नव्हे, असे तिथले तत्त्व. पक्ष सोडला, अगदी यादीतून निवडून आलेला असला, तरी जागा त्याचीच राहते. पक्ष त्याला गटातून काढू शकतो, पुढच्या वेळी तिकीट नाकारू शकतो. एवढेच.

४ ऑगस्ट २०१७ ला लोअर सॅक्सनीत ग्रीन्सच्या एल्के ट्वेस्टेन यांनी आपण सीडीयूत जात असल्याचे जाहीर केले. मतदारसंघातून पुन्हा तिकीट न मिळाल्याची पार्श्वभूमी होती. १३७ च्या सभागृहात एसपीडी-ग्रीन्स सरकारचे बहुमत एकाचेच होते, ते गेले. पण पुढे रिसॉर्ट, विमाने, सभापतींसमोर वर्षानुवर्षे सुनावणी असे काही झाले नाही. सर्व पक्षांनी मिळून सभागृह विसर्जित केले आणि १५ ऑक्टोबरला मतदान झाले. ट्वेस्टेन यांची आमदारकी तोवर शाबूत होती. कायद्याने बांधलेले नसतानाही तिथे अशी पक्षांतरे तुरळक, आणि कायदा असूनही आपल्याकडे ती घाऊक. यावर वाचकांनीच विचार करावा, आम्ही प्रक्रियेपुरते बोलतो.

प्रश्न : विधेयकाचा प्रवास कसा असतो? महापालिकेला त्यात काही म्हणता येते का?
(माजी नगरसेवक, सोलापूर)

विधेयक सरकार आणू शकते, सभागृहातला गट आणू शकतो, ठरावीक सह्या जमवून मतदारही आणू शकतात. छापून आले की त्याला क्रमांक मिळतो, '१८/१२३४' असा. पहिला आकडा सभागृहाच्या कार्यकाळाचा, दुसरा कागदाचा. हा क्रमांक हाताशी असला की संकेतस्थळावर त्या विधेयकाची सारी कुंडली सापडते : भाषणे, समितीचे अहवाल, तज्ज्ञांची लेखी मते.

पहिल्या वाचनात तत्त्वावर बोलून ते समितीकडे धाडतात. खरे काम समितीत. तिथे तज्ज्ञ आणि संबंधित संघटनांना बोलावून सुनावणी होते. स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंधित कायदा असेल तर शहरे, जिल्हे आणि गावे यांच्या महासंघांना आधी ऐकून घ्यावे लागते. शिवाय तुम्हाला आवडेल असा एक नियम आहे : राज्याने कायदा करून पालिकेवर नवे काम लादले, तर त्याचा खर्चही राज्याने भरून द्यायचा. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियाच्या घटनेत हे कलम ७८ मध्ये आहे. त्यामुळे 'योजना मुंबईची, भार पालिकेचा' ही तक्रार तिथे थेट न्यायालयात नेता येते. वाद मग खर्चाच्या अंदाजावर होतात. राज्य कमी धरते, पालिका जास्त.

समितीची शिफारस आली की दुसरे वाचन आणि मतदान. साध्या कायद्याला बहुधा दोन वाचने पुरतात, घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मते लागतात आणि अंदाजपत्रकाला नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात तीन वाचने. मंजूर कायदा राज्यपालांकडे पडून राहण्याचा प्रश्न नाही. सरकारची किंवा काही राज्यांत सभागृहाच्या अध्यक्षांची सही होते आणि राजपत्रात छापला जातो.

अंदाजपत्रकातली वाचने केवळ उपचार नसतात, हे त्याच राज्यात मार्च २०१२ मध्ये कळले. हानेलोरे क्राफ्ट यांचे अल्पमतातले सरकार, १८१ पैकी ९० जण, एक कमी. तरीही वीस महिने चालले, कारण दर वेळी विरोधकांपैकी कोणी ना कोणी तटस्थ राहायचे. अंदाजपत्रकावर एफडीपीचा बेत असा होता : दुसऱ्या वाचनात खातेनिहाय मागण्यांना विरोध करायचा, सौदा करायचा आणि तिसऱ्या वाचनात वाचवायचे. ऐनवेळी सभागृहाच्या कायदेतज्ज्ञांनी सांगितले की दुसऱ्या वाचनात एका खात्याची मागणी जरी पडली तरी सगळे अंदाजपत्रकच पडले, तिसऱ्या वाचनाला काही उरत नाही. तोवर सगळ्यांनी जाहीर भूमिका घेऊन टाकल्या होत्या, माघार घ्यायची कशी? १४ मार्चला गृह खात्याची मागणी ९० विरुद्ध ९१ मतांनी फेटाळली गेली. त्याच दिवशी सभागृह विसर्जित. १३ मेच्या निवडणुकीत क्राफ्ट स्पष्ट बहुमताने परतल्या.

प्रश्न : राज्यसभेसारखे तिथले आमदारही वर खासदार निवडतात का?
(प्राध्यापक, माळशिरस)

नाही. वरच्या सभागृहात, बुंडेसराटमध्ये, राज्य सरकारचे मंत्रीच बसतात. एकूण मते ६९, प्रत्येक राज्याला लोकसंख्येनुसार ३ ते ६, आणि एका राज्याची सगळी मते एकाच बाजूला पडली पाहिजेत. २२ मार्च २००२ ला स्थलांतर कायद्यावरच्या मतदानात ब्रांडेनबुर्गच्या दोन मंत्र्यांनी वेगवेगळे उत्तर दिले, तरी ते 'हो' धरले गेले. त्या डिसेंबरात घटना न्यायालयाने तो अख्खा स्थलांतर कायदा रद्द केला. लांटटाग या मतदानावर सरकारला प्रश्न विचारू शकतो, पण थेट हात घालू शकत नाही.

प्रश्न : मुलगा आखेनला शिकतो. निवास परवान्याचे काम महिनोन् महिने अडले आहे. लांटटागकडे तक्रार करता येते असे ऐकले, खरे का? परदेशी माणसाला कोण विचारणार?
(पालक, जुळे सोलापूर)

खरे आहे, आणि परदेशी असणे आड येत नाही. राष्ट्रीय घटनेच्या कलम १७ प्रमाणे अर्ज करण्याचा हक्क 'प्रत्येकाला' आहे, 'प्रत्येक जर्मन नागरिकाला' असे तिथे लिहिलेले नाही. अल्पवयीन मुलगा, तुरुंगातला कैदी, परदेशी विद्यार्थी, सगळे त्यात येतात. फी नाही, वकील लागत नाही. आखेन नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात आहे, म्हणजे अर्ज ड्युसेलडॉर्फच्या लांटटागमधल्या याचिका समितीकडे.

आधी अर्ज योग्य दारी जातोय ना ते बघा. निवासाचा कायदा केंद्राचा असला तरी परवाना देणारे कार्यालय स्थानिक असते आणि त्यावर देखरेख राज्याची. म्हणून दिरंगाईची किंवा चुकीच्या वागणुकीची तक्रार लांटटागकडे चालते. मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाने व्हिसा अडवला असेल तर ते परराष्ट्र खाते, तो अर्ज बर्लिनला बुंडेसटागकडे. चुकीच्या जागी गेला तर बहुधा पुढे पाठवतात, पण त्यात आठवडे जातात. न्यायालयाचा निकाल मात्र कोणतीच समिती बदलू शकत नाही.

अर्ज लेखी हवा, जर्मनमध्ये. नाव, पूर्ण पत्ता, सही. लांटटागच्या संकेतस्थळावरचा फॉर्मही चालतो. नुसता ई-मेल पाठवून मोकळे होऊ नका. आत सरळ लिहा : कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयाकडे काय मागितले, कोणता संदर्भ क्रमांक मिळाला, त्यानंतर काय झाले, आणि नेमके काय हवे. कार्यालयाच्या पत्रांच्या प्रती जोडा, मूळ कागद नव्हे. दुसऱ्या कोणासाठी लिहीत असाल, म्हणजे मुलासाठी तुम्ही, तर त्याचे अधिकारपत्र जोडा. पण मुलगा सज्ञान आहे, त्यानेच सही केलेली बरी.

समिती मग सरकारकडून खुलासा मागवते. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात राज्याच्या घटनेतल्या कलम ४१अ नुसार तिला फाइल बघण्याचा आणि कार्यालयात जाऊन चौकशी करण्याचाही अधिकार आहे. समिती कार्यालयाला हुकूम देऊ शकत नाही, शिफारस करते. पण सभागृहातून विचारणा आली की अडलेली फाइल बऱ्याचदा हलते, हे तिथेही आणि इथेही सारखेच.

बहुतेकांची चूक इथे होते : याचिका केली म्हणजे मुदत थांबली असे समजतात. थांबत नाही. परवाना नाकारल्याचे पत्र हाती आले असेल तर त्याच्या शेवटी एक परिच्छेद असतो, किती दिवसांत आणि कुठल्या न्यायालयात दाद मागायची याचा. बहुधा एक महिना. तो परिच्छेद नसेल तर मुदत एक वर्षाची होते, पण त्या भरवशावर राहू नये. याचिका समांतर चालू द्या, महिना मात्र कॅलेंडरवर लाल करून ठेवा. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी कक्षाकडून सल्ला फुकट मिळतो.

शुल्काबद्दलही विचारले आहे. शिकवणी शुल्क हा लांटटागचाच विषय. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियात ते २००६ मध्ये आले आणि २०११ मध्ये सभागृहानेच काढले. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७-१८ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. धाकट्यासाठी विद्यापीठ शोधताना आधी ते कोणत्या राज्यात आहे ते बघा.

प्रश्न : मतदानात मेंढ्यांची उडी असते म्हणे, ती काय?
(वाचक, सांगोला)

मतदान बहुधा हात वर करून होते. अध्यक्षांना आकड्याची खात्री वाटेना, तर सगळ्या सदस्यांना बाहेर काढतात आणि तीन दारांतून आत घेतात : होकाराचे, नकाराचे, तटस्थांचे. प्रत्येक दारात उभा राहून मोजणारा एकेक डोके मोजतो. संध्याकाळी वाड्याच्या दारात मेंढरे मोजतात तसेच, म्हणून जर्मनमध्ये त्याला 'हामेलश्प्रुंग', म्हणजे मेंढ्याची उडी म्हणतात. बुंडेसटागमध्ये ही पद्धत प्रसिद्ध आहे, बव्हेरियाच्या नियमांतही आहे. त्यातून कधी कधी गणसंख्या अपुरी असल्याचेही उघडे पडते. एरवी कोणी हरकत घेत नाही तोवर गणसंख्या आहे असेच धरून चालतात. आपल्या विधानसभेत गणसंख्या एक दशांश, म्हणजे २८८ मध्ये २९. तिथे निम्म्याहून अधिक लागते, त्यामुळे हरकत घेतली की दुपारनंतर सभागृह सहज अडचणीत येते.